चौथा भाग कुणालाच आवडत नव्हता

मी एक जुना व्हिडिओ गेमचा डबा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा डबा पाहिलाही नसेल. राखाडी अंग, पुढच्या बाजूला रिमोट लावायच्या दोन खाचा आणि डोक्यावर एक चपटे तोंड. त्या तोंडात कॅसेट घातल्याशिवाय मी काही कामाला लागत नाही. एवढा एक हट्ट सोडला, तर मी स्वभावाने गरीब आहे.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे बायका ओळीने बसलेल्या असत. एकीने माझ्यात तारा जोडल्या, दुसरीने कथलाचे चमकते ठिपके दिले, तिसरीने झाकण बसवून स्क्रू पिळले. शेवटच्या टेबलावरची बाई प्रत्येक डबा खेळून बघायची. तिने मला सुरू केले, पडद्यावरच्या माणसाला एक उडी मारायला लावली, तो नीट खाली उतरला तेव्हा हलकेच मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. जगात येताना कुणीतरी मान डोलावून निरोप द्यावा, यापेक्षा चांगला शकुन कोणता?

दुकानाच्या काचेआड मी बरेच दिवस ऊन खाल्ले. मग एक आत्या आली आणि मला घेऊन भावाच्या घरी गेली. तिची भाची शाळेच्या भाषणस्पर्धेत पहिली आली होती. मी त्या मुलीचे बक्षीस होतो.

त्या मुलीला घरात सगळे ताई म्हणत. तिला एक धाकटा भाऊ होता. गालांमुळे त्याचे नाव ढब्बू पडले होते. आई घरी बसून शाळांचे गणवेश शिवायची. तिच्या मशीनचा खडखडाट हा त्या घराचा श्वासच होता. बाबा बेकरीत भट्टीपाशी कामाला होते. ते घरी आले की खोलीत भाजलेल्या पावाचा वास पसरायचा आणि ते न बोलता खुर्चीत टेकायचे.

माझ्याबरोबर एक कॅसेट आली होती. त्या खेळाचे खरे नाव परक्या लिपीत होते, म्हणून मुलांनी त्याचे नाव ठेवले ‘दिवेवाला’. एक ठेंगणा माणूस खांद्यावर लांब काठी घेऊन छपरांवरून उड्या मारत जातो, विझलेले दिवे लावतो आणि वाटेत आडव्या येणाऱ्या काळ्या सावल्यांना काठीने पळवून लावतो. एवढीच गोष्ट. पण मुलांना तिने असे काही वेड लावले, की पुढच्या वर्षांत त्या खेळाचे एकेक करून आणखी तीन भाग घरात आले.

चारही भाग माझ्या पोटातून गेले आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे. पहिला भाग खडूस मास्तरासारखा होता. जरा चुकलात की थेट सुरुवातीपासून! दुसऱ्या भागात दिवेवाल्याला काठी टेकून उंच झेप घेता येऊ लागली आणि हवेत असतानाच वळताही येऊ लागले. तिसरा भाग सगळ्यांत मोठा. त्यात नकाशा होता, दोन वाटा होत्या, आणि कोणती धरायची ते आपण ठरवायचे. चौथ्या भागात चित्रे फार देखणी होती, पण दिवेवाल्याच्या अंगावर जाड कोट आला होता आणि त्याची उडी अगदीच जड झाली होती. चौथा भाग कुणालाच आवडत नव्हता. त्याच्या कॅसेटवर तेव्हाच धूळ साचायला लागली होती.

ताई दुसऱ्या भागाची, ढब्बू तिसऱ्या भागाचा. त्यावरून त्या घरात जी भांडणे झाली, ती ऐकून शेजारच्या काकू दोनदा चौकशीला येऊन गेल्या.

“तिसऱ्यात निम्मा वेळ नकाशाच बघत बसायचं! तो खेळ आहे की भूगोल?” ताई म्हणायची.

“आणि तुझ्या दुसऱ्यात काय, नुसतं सरळ पळायचं. डोकं घरी ठेवून आलं तरी चालतं.”

“उडी बघ त्यातली, उडी! मनात आलं की वळते.”

ताईचा आवाज मोठा आणि खणखणीत होता. वाद कुणीही सुरू केला तरी संपवायची तीच. ढब्बू हरला की माझ्यावर राग काढत नसे, हे मात्र सांगितले पाहिजे. फार तर रिमोट गादीवर आपटायचा.

दिवस पालटले. ताई मोठी झाली आणि बसस्थानकावर उद्घोषक म्हणून लागली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे, हे ती माइकवरून सांगायची. ढब्बू पाण्याचे जार पोचवणारा टेम्पो चालवू लागला. मला एका जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवण्यात आले. शेजारी स्वेटर होते आणि डांबराच्या गोळ्या. सुरुवातीला वाटायचे, उद्या काढतील. मग वाटायचे, सुट्टीत काढतील. नंतर काही वाटेनासे झाले. एकदा भंगारवाला दारात आला तेव्हा आईने मला खालीसुद्धा काढले होते. पण तिने चादर उघडली, रिमोटवरची झिजलेली बटणे पाहिली आणि “हे नाही द्यायचं” म्हणून मला परत वर ढकलले. त्या दिवशी मी सुटकेचा निःश्वास टाकला.

माळ्यावरून घरातले सगळे ऐकू येते. म्हणून ताईच्या गळ्यात गाठ निघाल्याचे मलाही कळले. गाठ साधी होती, जिवाला धोका नव्हता. पण ती अशा जागी होती की काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागू शकत होता. डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले होते. ज्या रात्री हे बोलणे झाले, त्या रात्री आईचे मशीन चाललेच नाही.

शस्त्रक्रिया पार पडली. ताई घरी आली. काही आठवडे एक अक्षर बोलायचे नाही, असा हुकूम होता. ती मोबाइलवर लिहून दाखवायची. मग तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, नस शाबूत आहे, आता हळूहळू बोलायला लागा.

पण ताई बोलली नाही.

आईने विनवले, बाबांनी डोक्यावरून हात फिरवला, बसस्थानकाच्या साहेबांनी फोन करून “सावकाश या” सांगितले. ताई मान हलवायची आणि मोबाइलवर लिहायची, ‘उद्या.’ रोज उद्या. शेवटी एका दुपारी तिने ढब्बूला खरे ते लिहून दाखवले. ढब्बूने ते मोठ्याने वाचले आणि मी वरून ऐकले: ‘तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही तर? न बोलता राहिले तर निदान तो आहे असं तरी वाटतं.’

 मग शिडी ओढल्याचा आवाज आला आणि माझ्या चादरीवर हात पडला.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी उजेडात आल्यावर मला आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटली. मी सुरूच झालो नाही तर? आत गंज चढला असला तर? ताईची भीती मला तेव्हा नेमकी कळली. बंद आहोत तोवर आपण बिघडलेले नसतो.

ढब्बूने मला मऊ फडक्याने पुसले. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून चारही कॅसेटच्या पट्ट्या साफ केल्या. “लहानपणी आपण यांच्यात फुंकर मारायचो ना,” तो ताईला म्हणाला, “त्या फुंकरीच्या ओलीनंच गंज चढलाय. प्रेमानं वाट लावली आपण.” मग त्याने तारा जोडल्या, वर तिसरा भाग बसवला आणि बटण दाबले.

पडदा आधी निळा झाला, मग थरथरला, आणि छपरावर दिवेवाला उभा राहिला. माझ्या पोटातला प्रत्येक ठिपका जागेवर होता. मी बिघडलो नव्हतो! कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मला स्वतःचे कौतुक करावेसे वाटले.

त्या दिवसापासून ढब्बू कामावरून आला की दोघे माझ्यापुढे बसू लागले. त्याचा बेत मला लगेच उमगला. तो ताईला मुद्दाम डिवचायचा.

“दुसरा भाग म्हणजे अगदी लहान मुलांचा हं, ताई. काय सापडलं होतं तुला त्यात?”

ताई डोळे वटारायची. त्याच्या हातातला रिमोट काढून घ्यायची, दुसरा भाग लावायची आणि दिवेवाल्याला अशी झेप घ्यायला लावायची की बघत राहावे. बोटे काहीच विसरली नव्हती. ती खांदे हलवून हसायचीसुद्धा, पण आवाजाशिवाय. ढब्बू बोलून बोलून दमायचा. एकदा तो स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाला, “माझ्याच्यानं होत नाही गं आता. भांडायला समोरचं माणूस लागतं.” 

नंतरच्या एका संध्याकाळी बाबा लवकर घरी आले. ढब्बू कॅसेट पुसत बसला होता आणि नीट चालते का बघायला त्याने चौथा भाग लावला होता. ताई कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसली होती. आई पलीकडे शिवत होती. बाबा खुर्चीत टेकले. थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी हात पुढे केला.

“आण बघू इकडे.”

इतक्या वर्षांत बाबांनी कधी रिमोट हातात घेतला नव्हता. पोळून पोळून राठ झालेली त्यांची बोटे माझ्या बटणांवर अगदी जपून पडत होती. त्यांनी दिवेवाल्याला चार पावले चालवले, एक उडी मारायला लावली, एका सावलीचा मार खाऊ दिला. मग बटणे सोडून नुसतेच बघत बसले. जरा वेळाने ते समाधानाने म्हणाले, “हाच भाग सगळ्यांत चांगला आहे.”

ढब्बूने कपाळावर हात मारला. आणि कोपऱ्यातून आवाज आला.

“चौथा?”

खरखरीत, फाटका, बिजागरी गंजलेल्या दारासारखा आवाज. पण आवाज होता!

आईचे मशीन थांबले. ढब्बूच्या हातातले फडके तसेच राहिले. बाबांनी मात्र मान वळवली नाही. ते पडद्याकडेच बघत, जणू काही झालेच नाही अशा सुरात म्हणाले, “हो, चौथा. काय वाईट आहे त्यात?”

“बाबा, त्याची उडी… उडी बघा की! पोत्यासारखा पडतो तो!”

“पडू दे की. अंगात केवढा कोट आहे.”

“तोच तर कोट नको होता! दुसऱ्या भागात कसा… कसा वाऱ्यासारखा जायचा. आणि काठी? काठी तर यात वळतच नाही. सावली मागून आली की संपलं! चित्रं काढण्यात सगळी हौस फिटली त्यांची, आणि खेळ करायचा राहून गेला!”

ताई उठून उभी राहिली होती. हातवारे करत होती. प्रत्येक वाक्यागणिक आवाजावरचा गंज थोडा झडत होता. रिमोट अजून बाबांच्या हातात होता आणि त्यांची पकड तारेतून मला जाणवावी इतकी घट्ट झाली होती. तरी ते वळले नाहीत. पाखरू खिडकीत येऊन बसले तर आपण जसे हलत नाही, तसे ते बसून होते.

“बरं,” ते म्हणाले, “आणि तिसरा?”

“तिसऱ्याचं तर नावच काढू नका! तो भूगोल…”

आणि तिथे ताई थांबली. आपण काय करतो आहोत हे तिला आत्ता कळले. तिने गळ्याला हात लावला. एकदा आईकडे बघितले, एकदा ढब्बूकडे. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

“मी बोलतेय,” ती म्हणाली.

“बोलतेस कसली, वसकन अंगावर येतेस!” ढब्बू ओरडला आणि स्वतःच रडू लागला.

आईने धावत जाऊन पाणी आणले. “आधी घोटभर पी. आणि हळू बोल गं बाई, डॉक्टरांनी हळू म्हटलंय!” असे म्हणताना तिचा स्वतःचाच आवाज फुटत होता. बाबांनी आता कुठे मान वळवली. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला, भट्टीपुढून बाजूला आल्यावर पुसतात तसा. त्या घरात इतक्या दिवसांनी सगळे एकदमच बोलत होते, आणि कुणाचे काय चालले आहे ते कुणालाच ऐकू येत नव्हते.

ताईचा आवाज पूर्वीपेक्षा किंचित जाड झाला, तो तसाच राहिला. ती कामावर परत गेली. ढब्बूने स्थानकावर उभे राहून तिची घोषणा मोबाइलवर टिपून आणली आणि खोलीत सगळ्यांना ऐकवली. फलाट, गाडी, गाव, सगळे शब्द कसे सुटे आणि स्वच्छ येत होते. गाडी कुठली होती याच्याशी आम्हाला काय करायचे होते? आम्ही ती घोषणा परत परत ऐकली.

एका सुट्टीच्या दिवशी ताईने बाबांना विचारले, “खरं सांगा, तेव्हा मला बोलतं करायला म्हणून चौथा म्हणालात ना?”

“छे गं,” बाबा म्हणाले. “मला आवडतोच तो. लाव बघू.”

ताईने चौथा भाग लावला. दिवेवाला छपरावर उभा राहिला. “आता काही दाबू नकोस,” बाबा म्हणाले. जरासा वेळ गेला. मग दिवेवाल्याने काठी बाजूला ठेवली, कोटाच्या गुंड्या सोडल्या आणि तो छपराच्या कडेला पाय सोडून बसला.

“बघितलंस? बाकीच्या भागांत बटण सोडलं तरी बिचारा उभाच असतो. यात बसू देतात त्याला.”

इतकी वर्षे खेळून मुलांना हे कधी दिसले नव्हते, कारण त्यांनी बटण कधी सोडलेच नव्हते. ताई काही बोलली नाही, पण या वेळच्या तिच्या गप्प बसण्याची कुणाला भीती वाटली नाही.

आता मी टीव्हीखालच्या फळीवर असतो. माझे वय झाले आहे, कधी कधी चित्र थरथरते, पण माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद माळ्यावर पडला असेल. त्याला खाली काढा. मऊ फडक्याने पुसा, आणि कृपा करून फुंकर मारू नका. मग सगळ्यांना बोलवा. ज्याला खेळता येत नाही त्याला तर आधी बोलवा, त्याच्या हातात रिमोट द्या आणि त्याला कोणता भाग आवडला ते विचारा. त्याचे मत साफ चुकीचे असेल. तरी शेवटपर्यंत ऐकून घ्या, आणि मग पोटभर भांडा.