लाल रफूचा मोजा

मी एक जुना मोजा आहे. डाव्या पायाचा. उजवा माझा जुळा भाऊ. त्याच्यावर एकही रफू नाही, हे तो मला रोज ऐकवतो.

मित्रांनो, माझा मालक जंगलात झाडे मोजतो. त्याच्या पँटचे पाय आमच्यात खोचले, की गवतातली गोचीड आत शिरत नाही. एवढेच माझे काम. एकदा मी पोटरीवर फाटलो. घरात राखाडी दोरा नव्हता, म्हणून मालकिणीने लाल दोऱ्याने रफू केले.

एका सकाळी मुकादम ओरडला, "काय रे, शाळेची सहल निघाली का? आणि हे लाल काय, गाडीचा मागचा दिवा?"

सगळे हसले. मालकाने पँट बाहेर ओढून मला झाकले. मला केवढे हायसे वाटले! मी आणखी दोन बोटे खाली घसरलो. तिथूनच गोचीड वर गेली. मोज्याला तोंड नसते, हे खरे. पण असते तरी मी गप्पच बसलो असतो.

आठवड्याच्या आत मालक तापाने फणफणला. डोके फुटत होते, अंग ठेचल्यासारखे झाले होते. तो घरातल्या अंगदुखीच्या गोळ्या गिळत राहिला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले, "जंगलात काही चावलं होतं?"

"छे हो!"

गोचिडीचा चावा दुखत नाही. मालकीण मात्र घरी धावली. खाटेखाली मी न धुतलेला पडलो होतो. माझ्या घडीत तिला एक फुगीर बी दिसली. तिने मला पिशवीत घालून आणले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही बी नाही, ताई. रक्त पिऊन टम्म झालेली, गळून पडलेली गोचीड आहे."

भर दवाखान्यात मी ट्रेमध्ये पडलो होतो, लाल रफू वर करून. लपायला बूटही नव्हता.

"हिच्यामुळे विषाणूचा ताप येतो. रक्त तपासू. यावर नेमकं औषध नाही. भरपूर पाणी, विश्रांती आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष. या अंगदुखीच्या गोळ्या बंद, त्यांनी रक्तस्राव वाढतो. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो उलटू शकतो. हिरड्यांतून रक्त आलं, बोलणं भरकटलं, तर तडक घेऊन या."

ताप उतरला आणि आठवड्याने पुन्हा चढला. मालकाने बायकोला अदबीने विचारले, "बाई, आपण कोण?"

"ते दवाखान्यात सांगते. आधी उठा!"

दोन महिन्यांनी मालक कामावर आला, निम्मा होऊन. त्याने सर्वांदेखत पँट माझ्यात खोचली. मुकादम हसला नाही. त्याने स्वतःचे मोजे वर ओढून पाहिले. ते घोट्याशीच संपत होते.

"उद्या लांब आणतो," तो पुटपुटला.

मित्रांनो, जंगलातून आलात की अंग तपासा, कपडे लगेच धुवा. ताप आला तर कुठे गेला होतात, ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि कोणी हसले तरी मोजे वर ओढा. तेव्हा मला रफूची लाज वाटली होती. आता त्या लाजेची वाटते.