पत्रिकेचा शेवटचा अंक

शहरातल्या बचत बँकांचा इतिहास लिहिणाऱ्या समितीत मला घेतलं, तेव्हा अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "फोटो किती पानं?" मी म्हटलं, आधी मजकूर तर होऊ द्या. बँकांनी काढलेल्या पत्रिका आणि अहवालांवरचं प्रकरण मी मागून घेतलं. का, ते कुणाला सांगितलं नाही.

आमचे बाबा अशाच एका बँकेत हेडक्लार्क होते. बँकेची चार पानी मासिक पत्रिका अकरा वर्षं त्यांनीच काढली. ठेवीदारांना ती फुकट मिळायची आणि लोक ती खरंच वाचायचे. शेवटच्या अंकात पहिल्या पानावर वाक्य होतं, 'आपली ठेव पूर्णपणे सुरक्षित आहे.' खाली बाबांची सही. आठव्या दिवशी बँकेचं दार उघडलंच नाही.

ह्याला ठाऊक होतं, ह्याने स्वतःचे पैसे आधीच काढले, असं आमची सगळी गल्ली म्हणायची. बाबा ते ऐकत ऐकतच गेले. मला ते खोटं ठरवायचं होतं. छापून, पुराव्यानिशी. इतिहास गेला खड्ड्यात, मला तेवढंच हवं होतं.

त्या बँकेची जुनी रजिस्टरं पोत्यांत भरून समितीच्या कचेरीत पडली होती. तीन आठवडे धूळ खाल्ली, तेव्हा पान सापडलं. अंक चार तारखेचा. पाच तारखेला आईबाबांचं जोडखातं रिकामं. सही आईची.

झेरॉक्स घेऊन घरी आले. आई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. नव्वदीला टेकली तरी हात रिकामे ठेवत नाही. कागद तिच्या पुढ्यात ठेवला. तिने चष्मा शोधलासुद्धा नाही.

"सापडलं का?" म्हणाली.

"बाबांनी काढायला लावले?"

"छे गं. त्यांना पत्ताच नव्हता." तिने पातेलं बाजूला सरकवलं. "प्रूफं घरी यायची. ते मोठ्याने वाचायचे, मी मूळ कागद धरून ताडून बघायचे. त्या वाक्यापाशी ते दोनदा अडखळले. अकरा वर्षांत कधी अडखळले नव्हते. मजकूर साहेबांनी लिहून दिलेला, सही तेवढी ह्यांची. मी काही विचारलं नाही. अंक निघाला, त्यात ते वाक्य तसंच होतं. दुसऱ्या सकाळी हे छापखान्याचं बिल द्यायला गेले, तेव्हा बँकेत जाऊन पैसे काढून आणले."

"त्यांना कधी सांगितलंस?"

"बँक बुडाल्यावर. चार महिने बोलले नाहीत माझ्याशी. तुझी कॉलेजची फी त्यातूनच भरली, तेव्हाही नाही."

मला तिचा भयंकर राग आला. आणि त्याच वेळी, सोळा वर्षांची मी ती फी भरायला किती ऐटीत गेले होते, तेही आठवलं. मी म्हटलं, "मग गल्लीला का नाही सांगितलंस? बाबा बिचारे उगाच शिव्या खात राहिले."

आईने एक शेंग हातात घेतली, सोलली नाही.

"खालचा शिंपी आठवतो? दुकान घ्यायला पैसे साठवत होता. त्या दिवशी मी पैसे घेऊन वर येत होते, तो जिन्यात भेटला. हातात पत्रिका. म्हणाला, वहिनी, लोक काहीबाही बोलतायत, काढू की राहू देऊ? पिशवी माझ्या काखेत होती. मी म्हटलं, ह्यांनी लिहिलंय ना भावजी, मग राहू द्या."

मी झेरॉक्सवरची तारीख पुन्हा वाचली.

"खरं सांगितलं असतं तर ह्यांची नोकरी गेली असती, असं तेव्हा वाटलं. नोकरी तशीही गेलीच. तो शिंपी मरेपर्यंत दुसऱ्याच्या दुकानात मशीन चालवत होता. ह्यांना शिव्या द्यायचा. मला मात्र शेवटपर्यंत वहिनीच म्हणायचा."

मी कागदाची घडी घालायला लागले. तिने माझा हात धरला.

"ठेवून देऊ नकोस. जिन्यातलंसुद्धा लिही, सगळं. आणि मी आहे तोवर छापून आण. मी गेल्यावर छापलंस तर तो पळपुटेपणा होईल."