धाकट्याच्या पेशी

"काय सुरेख वाढताहेत या," मॅडम सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता म्हणाल्या. "रुग्णाच्या रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी बाटलीत चार दिवस टिकत नाहीत. या मात्र हटायला तयार नाहीत. नशीब लागतं त्याला."

नशीबच म्हणायचं. रक्त माझ्या धाकट्या भावाचं होतं. मॅडमना ते पक्कं ठाऊक होतं, पण आनंदाच्या भरात माणसाला कुठलं भान राहतं. मी त्यांच्या प्रयोगशाळेत पेशींचं खाणंपिणं बघणारी बाई. "हो मॅडम," म्हटलं आणि बाटली जागेवर ठेवली.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. हार्मोनच्या गोळ्यांनी धाकट्याचं तोंड सुजून भोपळा झालं होतं. तो हार्मोन पेशीतल्या ज्या रिसेप्टरला धरून तिला मारतो, तो रिसेप्टरच त्याच्या पेशींत नव्हता. सूज तेवढी पदरात पडली, गुण काडीचा नाही.

"तुमच्याकडे काही लागू पडलं का गं, ताई?"

खोटं बोलायला हवं होतं. मेलं जमतच नाही मला. "एक औषध आहे. पेशीच्या अंगावर क्षार आत-बाहेर जायला बारीक वाटा असतात, आयन चॅनल म्हणतात त्यांना. त्या बंद केल्या की बाटलीतल्या सगळ्या मरतात."

"मग दे की मला."

"तशाच वाटा हृदयालाही असतात, बाळा. तेही थांबेल."

"पण मरतील ना त्या एकदाच्या?" म्हणाला आणि खोकला येईपर्यंत हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

पुढच्या आठवड्यात तो गेला.

काही दिवसांनी भावजय प्रयोगशाळेत आली. "ताई, एकदा दाखवा मला त्या." मी बाटली भिंगाखाली ठेवली. तिनं बराच वेळ पाहिलं. गोल, टपोऱ्या, तकतकीत.

"ह्यांनीच खाल्लं ना त्यांना?"

"हो."

"आणि ह्यांना तुम्ही रोज खायला घालता."

"रोज नाही. दिवसाआड."

तिनं पर्स उचलली आणि मागं न बघता निघून गेली.

मी औषधाची कुपी काढली. दोन थेंबांत सगळ्यांचा निकाल लागला असता. पण धाकट्याचं जिवंत असं जगात तेवढंच उरलं होतं. कुपी परत ठेवली आणि त्यांचं खाणं कोमट करायला लावलं.