तीनशे बारावं मरण

"तुमचा कुणाचा विश्वास बसायचा नाही," तिरडीवर उठून बसत निगमसाहेब म्हणाले, "पण माझं प्रेत हसलं म्हणून कानपुरात एक सिनेमा पंचवीस आठवडे चालला होता."

नाकात कापसाचे बोळे असल्याने आवाज पडसं झाल्यासारखा येत होता. मढ बेटावरच्या त्या भाड्याच्या बंगल्यातला जनरेटर बंद पडला होता आणि शूटिंगला आलेली चाळीसेक माणसं सावली बघून जिथे तिथे पसरली होती.

"आडवे व्हा, साहेब," रंगभूषा करणारा सत्तार म्हणाला. "मानेवरचा निळा रंग उतरतोय. जिवंत दिसायला लागाल."

"तेवढीच एक हौस राहिलीय, बाबा."

हे त्यांनी थट्टेवारी नेलं, पण थट्टा नव्हती. गिरिजाशंकर निगम पंचेचाळीस वर्षं हिंदी सिनेमात नट होते आणि तीनशे अकरा वेळा मेले होते. गोळी, क्षय, पूर, कर्तबगार मुलाचं पत्र, काहीही पुरायचं. उरलेल्या वेळी ते भिंतीवर हार घातलेल्या तसबिरीत असत. बायपास झाल्यापासून डॉक्टर म्हणत होते की आता हे धुळीत लोळणं बस. म्हणजे हा सिनेमा बहुधा शेवटचा. त्यात त्यांना एकच वाक्य हवं होतं. मरायच्या आधीचं, जित्या माणसाचं, कॅमेऱ्यासमोर.

दिग्दर्शिका तनिमा घोषाल, वय तिशीच्या आसपास, गेले चार दिवस "बघू, अंकल" म्हणत होती. या धंद्यात 'बघू'चा अर्थ 'नाही' होतो, हे निगमसाहेबांना पाठ होतं. सकाळी साउंडवाला मनदीप एकेकाच्या कपड्यात छोटे माईक खोचत आला आणि तिरडीला वळसा घालून पुढे गेला, तेव्हा उरलीसुरली शंकाही मिटली. प्रेताला माईक लावत नाहीत.

पण आता तनिमा तीन हातांवर खोक्यावर बसून चणे खात होती आणि वीज नव्हती. अशी संधी पुन्हा कुठली.

"ऐका तर," ते म्हणाले. "मी तेव्हा एकतीस वर्षांचा. सात भावांचा सिनेमा होता. त्यातला थोरला नायक पंचेचाळिशीचा, आणि मी त्याचा बाप."

"चौदा वर्षं आधी झालेला मुलगा," सत्तार म्हणाला.

"रंगवायला तुझा बाप होता, म्हणून निभावलं. तर मी मेलो. उत्तम मेलो. आणि रिवाज तुम्हाला माहीतच आहे."

सगळ्यांना माहीत होता. पडद्यावर मेलेल्या नटाने शॉट संपला तरी उठून जायचं नसतं. कॅमेरा चालूच ठेवतात, आणि त्याने भिंगात बघून एकदा हसायचं, म्हणजे ते मरण अंगाला चिकटत नाही. हसण्याचा तेवढा तुकडा मग संकलनात कापून टाकतात.

"तो तुकडा कापायचा राहिला," निगमसाहेब म्हणाले. "संकलकाचा मदतनीस जिलब्या खात होता. पाकाने माझं हसू पुढच्या तुकड्याला असं काही चिकटलं, की थेट कानपूरला पोचलं. पडद्यावर चिता रचलीय, बायको बांगड्या फोडतेय, सातही भाऊ जमिनीवरून भांडतायत. आणि मी मान वर करून हसलो."

मनदीपने तारा गुंडाळायचं थांबवलं.

"थिएटरात चिडीचूप. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने हात जोडले. म्हणाली, बापाने पोरांना माफ केलं. झालं. दुसऱ्या दिवसापासून भांडलेले भाऊ एकमेकांना धरून आणायला लागले. बायका नारळ आणायच्या. इतके फुटायचे, की थिएटरच्या मालकाने सिनेमा सोडून खोबऱ्याचा व्यापार धरला."

"आणि तुम्ही?" सत्तारने विचारलं.

"मी हौसेने गेलो बघायला. लोकांनी ओळखलं. 'हा जिवंत आहे,' असं कुणीतरी ओरडलं आणि मला बदडलं. म्हणाले, आमची श्रद्धा आहे, तू असा हिंडतोस कसा? स्टेशनपर्यंत पळालो. गाडीच्या डब्यातही एकाने मला ओळखून पाया पडायच्या आधी नाडी बघितली."

माणसं हसत होती. तनिमाही हसली, पण तिचे चणे हातातच राहिले होते. ते निगमसाहेबांनी पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पण निर्माते हिशेबी. म्हणाले, हा मेला की धंदा होतो, मग जिवंत कशाला दाखवायचा? तिथून पुढे मला कुणी उभं राहू दिलं नाही. माझी सरला मॅटिनीला जायची आणि दुसऱ्या रिळानंतर घरी येऊन भाजी टाकायची. विचारलं तर म्हणायची, तुमचं झालं की मी निघते."

पुढचं सांगायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं.

"डोळे मिटून पडलं की खूप कळतं, पोरी. माझ्या अंगावर पडून किती जण रडलेत. ग्लिसरीनचं पाणी गार लागतं, चिकटही असतं. खरा थेंब ऊन असतो. एवढ्या वर्षांत मी ऊन थेंब नऊ मोजले. त्यातल्या एकीचे वडील त्याच आठवड्यात गेले होते. मला वाटायचं तिच्या डोक्यावर हात ठेवावा. पण मी मेलेला. बरेलीच्या रामलीलेत मी दशरथ करायचो. तोही मरतोच, पण मरण्याआधी तासभर बोलतो. मी इथे तासभर मागत नाहीये."

सत्तार उगाच पावडरीच्या डब्याचं झाकण लावत, काढत राहिला.

बाहेर जनरेटर खोकला, घरघरला आणि सुरू झाला. दिवे लागले. माणसं कपडे झटकत उठली. निगमसाहेब सवयीने आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. मन भरून सांगितलं खरं, पण नुसतं सांगून काम होत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

तनिमा मनदीपशी हळू काही बोलली. मग कफनाच्या आत, बरोबर छातीवर, एक थंडगार चिमटा लागला. निगमसाहेबांनी एक डोळा उघडला. मनदीप त्यांच्या सदऱ्यात माईक खोचत होता.

"केस आहेत छातीवर, खरखर येईल," मनदीप पुटपुटला. "जोरात श्वास घेऊ नका."

तो घेऊ नये म्हणून निगमसाहेबांना बरेच कष्ट पडले.

तनिमा तिरडीशेजारी उकिडवी बसली. "सत्तारभाई, कापूस काढा त्यांचा. आधी पलंगावरचा सीन करू, मरण जेवणानंतर. अंकल, वाक्य काय म्हणालात?"

म्हणाले नव्हतेच. कुणी विचारलंच नव्हतं. पण चार दिवस नाही, चाळीस वर्षं ते तयार होतं.

"दार लावून घे, बेटा. वारा येतोय."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने ते कागदावर लिहून घेतलं, मदतनिसाला दिलं आणि उठली. दोन पावलं गेली, आणि वळून, साऱ्या युनिटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि अंकल, तुमचा तो सात भावांचा सिनेमा माझ्या आईच्या वडिलांनी संकलित केला होता. लहानपणी प्रत्येक सुट्टीत त्यांनी मला दाखवलाय. प्रेताच्या तोंडावर चादर आहे, आणि ती शेवटपर्यंत एकदाही हलत नाही."