वरच्या टोकाची गाठ

"दीड वर्षाचं बाळ सासूबाईंकडे ठेवून मी या आतड्यांपाशी बसते, मॅडम. आता पुरे झालं. उद्यापासून येत नाही."

पीएचडीसाठी संशोधन करणारी मुलगी सकाळी सर्जन मॅडमना एवढं बोलली आणि तडक प्रयोगशाळेत गेली.

ऑपरेशनमध्ये काढलेला आतड्याचा तुकडा, पेशंटच्या परवानगीने, कोमट द्रावणात ठेवला की तासन्‌तास हलत राहतो. आकुंचनाची लाट वरून खाली सरकते. अन्न पुढे ढकलायची जन्माची सवय, ती सुटत नाही. या मुलीच्या चौदाही तुकड्यांत मात्र लाट खालून वर. "घोळ तुझ्याच हातात आहे, पुन्हा कर," असं मॅडम वर्षभर तिला झापत आल्या होत्या.

तेच डोक्यात घोळवत त्या ऑपरेशनला उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षं त्यांची जागा पेशंटच्या उजव्या बाजूला, पेशंटचं डोकं आपल्या डाव्या हाताला. वर्षापूर्वी ती शिकाऊ सर्जनला दिली होती. "माझ्या खांद्यावरून डोकावून तू कधी शिकणार?" म्हणत स्वतः समोर गेल्या होत्या.

तुकडा निघाला. सिस्टरने काळा दोरा पुढे केला. वरच्या टोकाला खुणेची गाठ मारायचं काम मॅडम कुणाला देत नसत; प्रयोगशाळेत वरचं टोक त्या गाठीवरूनच कळे. डाव्या हाताकडचं टोक त्यांनी धरलं.

"मॅडम," शिकाऊ सर्जन चाचरला, "पेशंटचं डोकं तुमच्या उजवीकडे आहे."

त्या थबकल्या. "अरे देवा! मी इकडे आले, हात तिकडेच राहिला."

ऑपरेशन संपताच, टोपीही न काढता त्यांनी प्रयोगशाळा गाठली. मुलगी खण रिकामा करत होती.

"चूक माझी. वर्षभर गाठ खालच्या टोकाला मारत होते मी."

"आणि मी तुमची बोलणी खात होते!"

"खाल्लीस. पण एक आकडा बदलला नाहीस."

दोघींनी ऑपरेशनच्या नोंदी काढल्या. चौदाच्या चौदा वेळा मॅडम समोरच्या बाजूला. म्हणजे लाटा पहिल्यापासून सरळच होत्या.

"प्रबंधात लिहावं लागेल हे," मुलगी हळूच म्हणाली. "तुमचं नाव नको घालायला..."

"घालायचं. पहिल्याच प्रकरणात."

मुलीने डोळे पुसले आणि सासूबाईंना फोन लावला. "आई, बाळ जेवलं का? हो? सगळं? गुणाचं गं माझं. नाही, मला आज जरा उशीर होईल. आलेख पुन्हा काढायचेत."