जरा बाहेर थांबता का?

मुलगा टेबलाखालून बाहेर येईना. त्याची आई गुडघ्यांवर बसून त्याला अरबीत काहीबाही सांगत होती, मध्येच लाडीगोडी, मध्येच दटावणी. पण त्याने टेबलाचा पाय दोन्ही हातांनी कवटाळला होता आणि डोळे घट्ट मिटले होते. चड्डीतून निघालेला ओघळ फरशीवर पसरला होता. आजूबाजूची माणसं हातातला घास तसाच धरून बघत होती.

मार्गारेट नॅपकिनांचा गठ्ठा घेऊन धावली. "मॅडम, काय झालं?" तिने इंग्रजीत विचारलं.

त्या बाईने मान वर केली आणि किचनच्या दाराशेजारच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "चमचा उचलायला वाकला, आणि त्याला खालून त्या गार्डच्या जाकिटाआडची गन दिसली," ती म्हणाली. "आम्ही खार्तूमहून आलोय."

सुदानमधल्या युद्धाच्या बातम्या मार्गारेटने पाहिल्या होत्या; त्यापुढे काही विचारायची गरज नव्हती.

अल रीम आयलंडवरच्या त्या रेस्टॉरंटच्या दारात मार्गारेट डिमेलो अकरा वर्षं उभी होती. वसईहून अबुधाबीला येऊन तिला चोवीस वर्षं झाली होती. आलेल्या माणसाला योग्य जागी बसवायचं, एवढंच तिचं काम. पण ते तिने मन लावून केलं होतं. कोणाला एसीचा झोत सोसत नाही, कोणत्या आजोबांना बाथरूमजवळचं टेबल लागेल, कोणतं जोडपं भांडून आलंय, हे तिला माणूस दारात असतानाच उमगायचं. कोणी अवघडून बसलेलं तिला बघवत नसे.

कोपऱ्यात उभा होता विष्णू फडतरे. रोज दुपारी साडेतीनला बँकेत रोकड पोचवणाऱ्या कंपनीची गाडी यायची. दोघं उतरायचे. एकजण मागच्या ऑफिसातून सीलबंद पिशवी आणायला जायचा आणि दुसरा, म्हणजे विष्णू, तो परत येईपर्यंत हॉलमध्ये पहारा द्यायचा. त्याच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल असायचं.

चार वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी तो हॉलच्या मधोमध येऊन उभा राहिला, तेव्हा एका वाढदिवसाच्या पार्टीचा आवाजच बंद झाला होता. मार्गारेटने त्याला हिंदीत हळूच सांगितलं, भैया, जरा उस तरफ. त्यावर तो म्हणाला, "व्हय ताई." तेव्हापासून तो कोपरा त्याचा झाला. पिस्तुलाची बाजू भिंतीकडे, नजर दाराकडे. पिस्तूल झाकावं म्हणून त्याने एक माप मोठं जाकीट मागून घेतलं होतं आणि उन्हाळ्यातही ते अंगावर वागवायचा.

"पाठीला घामोळं आलंय बघा," एकदा तो म्हणाला होता.

"मग काढा ना ते."

"काढलं तर लोकं बिचकत्यात, ताई. जेवताना माणसानं बिचकू नये."

असं त्यांचं बोलणं चालायचं, तो दाराकडे बघत आणि ती आपल्या वहीकडे. रोजची चार-पाच मिनिटं. त्यातूनच तिला कळलं होतं, की तो साताऱ्याकडचा, सतरा वर्षं फौजेत होता, आणि धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलंय. दिवसभरात मार्गारेट मराठी बोलायची ती तेवढीच. घरी मुलीला, सोफियाला, मराठी समजायची, पण ती उत्तर इंग्रजीत द्यायची.

मार्गारेट लगबगीने कोपऱ्यात गेली. विष्णूने सगळं पाहिलं होतं. त्याने जाकीट मुठीत आवळून धरलं होतं.

"विष्णूभाऊ, पोरगं तुम्हाला घाबरलंय. जरा बाहेर थांबता का? दोनच मिनिटं."

त्याने ऑफिसच्या बंद दाराकडे पाहिलं. "माजा माणूस आत हाय, ताई."

"कळतंय हो. पण त्याच्याकडे बघा तरी."

विष्णूने बघितलं. मग तो काचेचं दार ढकलून बाहेर गेला. ऑगस्टचं ऊन होतं. दाराबाहेरच्या सावलीत थांबला असता तर काचेतून दिसला असता, म्हणून तो पार खांबाच्या पलीकडे, उन्हात जाऊन उभा राहिला.

"गेला तो," मार्गारेटने खाली वाकून मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं. "खलास, हबीबी. संपलं, बाळा. गेला."

बऱ्याच वेळाने मुलाने एक डोळा उघडला. आईने त्याला ओढून पोटाशी धरलं, टेबलावरचं कापड त्याच्याभोवती गुंडाळलं आणि आलेल्या जेवणाला हातही न लावता ती निघून गेली. हॉलमध्ये पुन्हा काट्याचमच्यांचे आवाज सुरू झाले. मार्गारेटला वाटलं, चला, निभावलं. खरं तर तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

तेवढ्यात ऑफिसचं दार उघडलं. पिशवी घेऊन आलेला साथीदार कोपरा रिकामा बघून जागीच थबकला. छातीशी पिशवी धरून एकटाच उभा राहिला आणि त्याने खिशातला फोन काढला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात कोणी नवाच माणूस होता.

"विष्णू किधर है?" तिने साथीदाराला विचारलं.

"सस्पेंड," तो तिची नजर चुकवत म्हणाला. "आदमी अंदर था और वो बाहर चला गया. मेरे को रिपोर्ट करना पडा, सिस्टर."

मार्गारेट तडक मॅनेजरकडे गेली. ओवेस भला माणूस होता, पण कागदाला भिणारा. "मार्गारेट जी, उनका मामला है, उनपे छोडो," तो म्हणाला.

"पर बाहर जाने को मैंने बोला था, सर."

"मुझे बोला, ठीक है. लिखके किसीको मत देना. रेस्टॉरंट का नाम आएगा."

घरी सोफियाचंही तेच. "ममा, प्लीज, डोन्ट गेट इन्व्हॉल्व्ड. यू हॅव टू इयर्स टू रिटायर."

"मी त्याला बाहेर काढलं, सोफी."

"यू वर डुइंग युअर जॉब."

"तोही त्याचंच काम करत होता ना?"



मार्गारेटने शाळेत शिकलेल्या वळणदार अक्षरात इंग्रजीतून पत्र लिहिलं. मुलगा घाबरला, मी गार्डला बाहेर जायला सांगितलं, त्याचा दोष नाही. खाली नाव, सही, फोन नंबर. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून ती मुसफ्फाच्या औद्योगिक भागात, गाडीवाल्या कंपनीच्या कचेरीत पोचली.

तिथल्या अधिकाऱ्याने तिला बसायला खुर्ची दिली, पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून एका फाइलमध्ये ठेवलं.

"आपने रिक्वेस्ट की, मॅडम. ना बोलना उसका काम था," तो सौम्यपणे म्हणाला. "वेपनवाला आदमी कस्टमर के कहने पे जगह नहीं छोडता. उस दिन बॅग चली जाती तो? आदमी मर जाता तो?"

 तो चुकीचं बोलत नव्हता.

"और एक बात. हमने तीन बार पूछा, किसने बाहर भेजा. बोला, किसीने नहीं. अंदर गर्मी लगी, हवा खाने गया." अधिकारी क्षणभर हसला आणि लगेच गंभीर झाला. "छियालीस डिग्री में हवा खाने. व्हिसा कॅन्सल हो गया, मॅडम. गुरुवार का टिकट है."

ती बाहेर आली तर विष्णू फाटकाशी उभा होता. युनिफॉर्म जमा करून आला होता. साध्या चौकड्याच्या शर्टात तिने त्याला प्रथमच पाहिलं. तो तिला वाटला होता त्याहून अंगाने किरकोळ होता.

"ताई? तुमी हितं कशा?"

"माझं नाव का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चिरकला.

"सांगून काय व्हणार हुतं? तुमी इचारलं, हुकूम न्हाई केला. रूल मोडला त्यो मी."

"मग नाही म्हणायचं होतं मला! मी काय, दारात उभी राहणारी बाई. मला काय कळतंय तुमच्या कामातलं?"

विष्णू रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांकडे बघत राहिला.

"बंदूक बघून माणूस गप झाल्यालं मी लई बघितलंय, ताई. त्याचं काय वाटत न्हाई आता. पर त्या पोरानं डोळं मिटलं. मी तितं हाय तवर ते उघडायचं न्हाई, ह्ये मला ठावं हुतं." त्याने तिच्याकडे वळून विचारलं, "मग जेवलं का ते?"

मार्गारेटच्या डोळ्यांसमोर ते न शिवलेलं ताट आलं.

"हो," ती म्हणाली. "पोटभर जेवलं. वर आइस्क्रीम मागितलं."

"ब्येस झालं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखरच उजळला.

"मुलीचं कसं करणार आता?"

"बघू. गावाकडं एटीएमवर वॉचमन घेत्यात म्हणं. काठीवालं."

कंपनीच्या क्वार्टर्सकडे जाणारी बस पलीकडे येऊन थांबली. विष्णूने हात जोडले. तिनेही जोडले. आणखी काही बोलावं असं तिच्या मनात होतं, पण ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

तो रस्ता ओलांडून निघाला. डावा हात चालीबरोबर मागेपुढे होत होता. उजवा मात्र त्याने अंगापासून वीतभर लांब, कोपरात जरासा वाकवून धरला होता, कमरेच्या वस्तूला धक्का लागू नये म्हणून माणूस धरतो तसा. बसच्या दारात उतरणाऱ्या एका बाईला वाट द्यायला तो बाजूला झाला, तेव्हा ती रिकामी बाजू त्याने आपसूक बसच्या पत्र्याकडे वळवली, आणि बाई पुढे निघून जाईपर्यंत तसाच उभा राहिला.