वजनकाट्याची कबुली

मी वजनकाटा बोलतोय. बोलतोय तो आजच. एरवी मी नुसता दाखवतो. मला बॅटरी लागत नाही. पोटात एक दणकट स्प्रिंग आहे, कडेला काटा शून्यावर आणायचं छोटं चाक आहे, आणि तेवढ्यावर माझा सगळा प्रामाणिकपणा चालतो.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, पण वळण लागलं ते पुण्याच्या रविवार पेठेतल्या दुकानात. एखादं गिऱ्हाईक माझ्यावर चढून "जास्त दाखवतोय हो हा" म्हणालं, की मालक मान वर न करता म्हणायचे, "तो जेवायला येत नाही तुमच्याकडे." दोन वर्षं तिथल्या फळीवर बसून एवढं कळलं, की माणसांना खरं हवं असतं, पण सोयीचं.

मला तिथून विक्रमने उचललं. तो खराडीच्या कंपनीत आहे, राहतोही तिकडेच. मला त्याने वारज्याला आईवडिलांच्या घरी आणून ठेवलं. त्याच्या वडिलांना, मच्छिंद्रअण्णांना, मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, की रक्ताच्या आणि स्कॅनच्या तारखा चुकवायच्या नाहीत, महिन्यातून एकदा वजन करायचं, आणि ते उतरायला लागलं तर लगेच कळवायचं.

अण्णांनी त्यातलं 'उतरायला लागलं तर' तेवढं डोक्यात ठेवलं. महिन्याचं काम ते रोज करू लागले. सकाळी चहाच्या आधी बाथरूमबाहेरच्या त्याच फरशीवर मला ठेवायचं, चाक फिरवून काटा शून्यावर आणायचा आणि मग चढायचं. केमोने त्यांचे तळपाय बधिर झाले होते. पायातली चप्पल निसटली तरी त्यांना पत्ता लागत नसे. म्हणून शकूबाई, त्यांची बायको, मागे उभी राहून त्यांचे खांदे धरायची.

बरेच दिवस एकसष्ट किलो भरत होतं. एकसष्ट दिसलं की अण्णांचा दिवस चांगला जायचा. पण पुढे साठ झाले, आणि गेल्या दिवाळीनंतर साडेअठ्ठावन्न. त्या दिवशी ते चहाला शिवले नाहीत. त्यांनी विक्रमला फोन लावला आणि म्हणाले, "रविवारी ये. सातबाऱ्याचं बघून घेऊ. माझं काय खरं दिसत न्हाई." शकूबाई मोरीत भांडी घासत होती. तिने नळ सोडला आणि तो बराच वेळ चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी अण्णा चढले, आणि माझ्या मागच्या कडेला काहीतरी टेकलं. तो शकूबाईच्या पायाचा अंगठा होता. तीस वर्षं शिलाई मशीनचं पायडल दाबलेला तो पाय. किती दाब द्यायचा ते त्याला कुणी शिकवायला नको. काटा सरकत सरकत साठाच्या पुढे गेला. अण्णांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि एकदम मागे वळले. "शके, चढलंय की!"

"मग? मी म्हनत न्हवते?" ती म्हणाली. पाय तोवर साडीत गेला होता.

खोटं बोलायची माझी ती पहिली वेळ. लाज वाटली. पण अण्णांचा चेहरा पाहिला आणि मीही मूग गिळून बसलो. पुढे महिनाभर मी एकसष्टच दाखवत राहिलो. अण्णांच्या जिवात जीव आला. ते एनडीए रस्त्याने लांबवर फिरायला जाऊ लागले, पारावर बसून राजकारणावर तावातावाने बोलू लागले. शकूबाईला वाटलं, डॉक्टरला जे जमलं नाही ते आपल्या अंगठ्याने केलं.

आणि मग दोन वर्षांच्या स्कॅनची तारीख आली.

"मी न्हाई जानार," अण्णा म्हणाले. "वजन जागेवर हाय. त्या मशीनीत घालून उगं काहीतरी उकरून काढत्यात."

"अण्णा, फॉलोअप स्किप नाही करायचा," विक्रम फोनवर कळवळून सांगत होता. "परत काही असेल तर लवकर कळायला नको का?"

"काट्याला विचार! त्यो काय खोटं बोलतोय व्हय?"

शकूबाईने माझ्याकडे पाहिलं. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो. अण्णांच्या पोटात खरंच पुन्हा काही वाढत असेल, तर ते आम्ही दोघांनी मिळून झाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खांदे धरले, पण पाय पुढे केला नाही. मी अठ्ठावन्न दाखवले.

"काटा बिघडला," अण्णा म्हणाले आणि चाक फिरवायला वाकले.

"त्याला नावं ठिवू नका. महिनाभर मीच मागनं पाय देत होते."

अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. "मला फसवलंस?"

"व्हय, फसवलं. तुमी रोज सकाळी मराया लागला होता, ते बघवंना मला." बोलता बोलता ती रडायला लागली. "आता काय शिव्या द्यायच्यात त्या द्या, पर चला. मी संगं येते."

अण्णांनी शिवी दिली नाही. हात तेवढा पुढे केला, उठवायला.

स्कॅनला मी काही गेलो नाही. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत मला कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी विक्रम रजा टाकून आला, "रिपोर्ट क्लिअर आहे" म्हणत त्याने अण्णांना मिठी मारली, तेव्हा मला कळलं, की कुठेही काही नाही. वजनाचं कोडं डॉक्टरांनी सोडवलं होतं. पोट बिघडेल म्हणून अण्णा अर्ध्या भाकरीवर उठत, वर गेला महिनाभर रोज पाच किलोमीटर चालत होते. अंगावर राहणार काय? तरी पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहेच. धास्ती संपली असं मी म्हणणार नाही. थोडी लांब गेली.

त्या संध्याकाळी अण्णांनी मला बाहेर ओढलं, चाक फिरवून शून्यावर आणलं आणि म्हणाले, "शके, आता तू चढ."

"मला काय झालंय?"

"चढ म्हंतो ना."

ती चढली. महिनाभर तिचा अंगठा तेवढा ओळखत होतो. ती सगळी अशी कधीच माझ्यावर उभी राहिली नव्हती. मी खरं तेच दाखवलं. अण्णांनी वाकून वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"शेहेचाळीस? आरोग्य शिबिरात तुझं छप्पन भरलं होतं की गं."

"ते तुमच्या आपरेशनच्या आधी," ती म्हणाली आणि उतरायला लागली.

अण्णांनी तिला उतरू दिलं नाही. खांदे धरून तसेच उभे राहिले. "दहा किलो," एवढंच म्हणाले. मग विक्रमला हाक मारून सांगितलं, की उद्या आईला दवाखान्यात न्यायचं आहे, आणि ती नको म्हणाली तरी न्यायचं आहे.

आता मी महिन्यातून एकदाच बाहेर येतो, बाकी कॉटखाली धूळ खात असतो. तक्रार नाही. एक विनंती मात्र आहे. तुमच्या घरात कुणी आजारी असेल, तर त्याचं वजन तुम्ही करालच. ते झालं, की त्याला धरून जे माणूस उभं आहे, त्यालाही एकदा माझ्यावर चढवा. ते आपणहून चढणार नाही.